व्याज्याचे पैसे

माझा डावा पाय उजव्यापेक्षा सव्वा इंच आखूड आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर लोक माझ्याशी बोलताना निम्मं लक्ष खाली ठेवतात. तंजावूरहून पापनाशमकडे निघालेल्या दोन खासगी बसगाड्यांची, पुढच्या थांब्यावरची माणसं आधी कोण उचलणार यावरून शर्यत लागली होती आणि मी सायकलवरून टायपिंगच्या वर्गाला चालले होते. शर्यत कोण जिंकलं ते मला कधीच कळलं नाही.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. टायपिंगची वरची परीक्षा पास झाले होते आणि त्याच वर्गात नवशिक्यांना शिकवत होते. वर्ग दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. तीन महिन्यांनी हाड जुळून घरी आले तेव्हा तो जिना माझ्याच्यानं चढवेना, आणि वर्गाच्या मालकालाही मी नको होते. तो कॉम्प्युटर आणायच्या घाईत होता. सगळं गावच तेव्हा काहीतरी आणायच्या घाईत होतं. कोणी छपरावर डिश लावत होतं, कोणी दारात मोपेड उभी करत होतं. मी तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, पाय लांब करून बसले होते आणि ती सगळी लगबग बघत होते.

घरात आम्ही दोघंच, मी आणि अप्पा. आई मी शाळेत असतानाच गेली. अप्पा तालुका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. अंगात कचेरी एवढी मुरलेली, की इस्त्रीवाल्याकडे कपडे टाकतानासुद्धा पोच मागायचे. अशा माणसाच्या मुलीला बस धडकली तर तो गप्प बसणार होता थोडाच? माझ्या पायाचं प्लास्टर ओलं होतं तेव्हाच त्यांनी वकील गाठला आणि बसच्या विमा कंपनीवर व्याज्य लावलं.

व्याज्य म्हणजे कोर्टातला दावा. आमच्या घरात, म्हणजे तंजावूरच्या सगळ्याच जुन्या मराठी घरांत, हाच शब्द. आजूबाजूचे तमिळ लोकही तेच म्हणतात, त्यामुळे तो मुळात त्यांचा की आमचा हे तीनशे वर्षांनंतर कोण सांगणार? आणि उसन्या पैशावर जे चढत जातं, त्याला आमच्याकडे सरळ तमिळमधून घेतलेलं नाव, वट्टी. आता हे लिहिताना मी पुस्तकी मराठी लिहिते आहे, पण ती मी फार उशिरा शिकले. तेव्हा शिकलेली असते तर ही सगळी गंमत झालीच नसती.

तर अप्पांचं व्याज्य. त्यांना ते मनापासून आवडायचं. तारखेच्या दिवशी पहाटे अंघोळ, कपाळाला गंध, खांद्यावर घडीचं अंगवस्त्र. बघणाऱ्याला वाटावं कुणाच्या मुंजीला निघालेत. डॉक्टरांनी चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला दिला, तेव्हा अप्पांनी तो शेजाऱ्यांना असा दाखवला, जणू मला पहिल्या वर्गाची पदवी मिळाली आहे. गल्लीत लोक "पाय कसा आहे?" विचारायचे आणि अप्पा मध्येच उत्तर द्यायचे, "पुढची तारीख पंचवीसला."

मला साक्षीला बोलावलं त्या दिवशी रिक्षात ते माझ्या कानाशी लागले. "जज्जापुढे जरा सावकाश चाल गे. आहे त्याहून थोडं जास्ती."

"मी लंगडतेच आहे की, अप्पा."

"ते घरातलं लंगडणं. कोर्टात तेवढं दिसत नाही."

मला असा राग आला, की दारापासून पिंजऱ्यापर्यंतची वीस पावलं मी दात खाऊन अगदी ताठ चालले. शाळेच्या संचलनातसुद्धा इतकी छान चालले नव्हते. विमा कंपनीचा वकील खूष झाला. आमच्या वकिलानं नंतर सांगितलं, की त्या वीस पावलांनी दहा हजारांचं नुकसान केलं. अप्पा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, आणि पाय मात्र रात्रंदिवस ठणकत राहिला, त्याचा हिशेब कुणीच केला नाही.

शेवटी तीन वर्षांनी लोकअदालतीत समेट झाला. कंपनीनं एक रक्कम पायाची म्हणून कबूल केली आणि उशीर केला म्हणून वर वट्टीची एक लहानशी रक्कम. पायाची रक्कम आमच्या मानानं चांगली मोठी होती. त्या पैशांचं काय करायचं हे मी पलंगावर पडल्यापडल्याच ठरवलं होतं. मला टेलिफोनचा बूथ घालायचा होता. पिवळी पाटी, आत काचेची कोठडी, मिनिटं आणि रुपये दाखवणारं यंत्र. अपंगांना बूथाचा परवाना आधी मिळतो असं मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. म्हणजे आयुष्यात एकदा तरी ते चाळीस टक्के माझ्या उपयोगी पडणार होते. अनामत, यंत्र आणि बसस्टँडजवळच्या खोलीची पागडी, सगळं धरून हिशेब केला तर पायाचे पैसे जेमतेम पुरत होते. वर एक कॉफी पिण्याइतकेही उरत नव्हते.

हे मी अप्पांना सांगितलं, पण त्यांनीही ठरवलं होतं. त्यांना माझं लग्न करायचं होतं.

"आखूड पायाला कोण विचारणार होतं? आता विचारतील," ते म्हणाले. आणि खरंच, विचारायला लागले. पैसे मिळाल्याची बातमी फुटल्यावर महिन्याभरात कुंभकोणमहून आमच्यातलंच एक घर आलं. मुलगा बँकेत कारकून. मुलाची आई माझ्यासमोर बसून केळ्याचे काप खात म्हणाली, "चाळीस टक्के म्हटलं तर साठ टक्के बरी आहे की." तिला हे चांगलं बोललो असंच वाटत होतं. पायाची सगळी रक्कम सीर म्हणून, म्हणजे मुलीबरोबर द्यायचा माल म्हणून, त्यांच्याकडे जावी इतकीच त्यांची अपेक्षा होती.

मुलगा बँकेतला असल्यामुळे हुशार होता. सगळ्या बैठकीत तो एकदाच बोलला. "ह्या पैशांवर इन्कमटॅक्स लागतो काय? लागत असेल तर मागाहून आमच्या गळ्यात नको. तेवढं कचेरीतून लेखी आणा."

अप्पांना 'लेखी' हा शब्द ऐकून मुलगा फारच आवडला.

त्याच दिवसांत कराच्या कचेरीत एक नवा साहेब आला होता, थेट महाराष्ट्रातून, साताऱ्याकडचा. मराठी बोलणारा साहेब तंजावुरात आला याचा अप्पांना कोण अभिमान. दुसरा कुणीही इंग्रजीत अर्ज नेला असता. अप्पा म्हणाले, "आपला माणूस. आपल्या भाषेत लिहायचं." त्यांना देवनागरी येत नव्हती. मी शाळेत असताना हिंदीच्या चार परीक्षा दिल्या होत्या म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. अप्पा येरझाऱ्या घालत सांगत होते आणि मी लिहीत होते. 'साहेबांचे सेवेसी. माझे कन्येस मिळालेल्या व्याज्याचे पैशांवर सरकारचा कर लागतो किंवा कसे, ते लेखी कळवावे. लागत नसल्यास तसा दाखला द्यावा.' बस, पाय, कोर्ट, काही नाही. व्याज्य म्हटल्यावर त्यात सगळं आलंच, असं अप्पांचं म्हणणं आणि माझंही.

साहेब तरुण होता. टेबलावर फायलींचे ढीग, खिडकीत तिथल्या उकाड्याला शिव्या देत असावा असा एक पंखा. आम्ही मराठीत तोंड उघडल्याबरोबर तो खुर्चीतून उठलाच.

"तुम्ही मराठी? इथले?"

"इथंचेच आम्ही. राजांसंगे आलों, ते राहिलों," अप्पा म्हणाले, जणू स्वतःच घोड्यावरून उतरले होते.

त्यानं आमच्यासाठी ताक मागवलं. आमचे शब्द ऐकून तो हसत होता, मग आपण हसलो म्हणून माफी मागत होता. मग त्यानं पत्र वाचलं, हातातल्या लाल पेनानं त्यात एक बारीकशी खूण केली आणि मान हलवली. मला वाटलं सही करतो आहे.

"काका, व्याज म्हटलं की ते उत्पन्न. त्यावर कर हा लागणारच."

आता हे मी 'व्याज' असं लिहिते आहे. तेव्हा आम्हाला ऐकू आलं ते व्याज्य. त्याच्या शब्दात आणि आमच्या शब्दात जिभेच्या एका वळणाचा फरक, आणि तो ऐकायला कान थंड डोक्याचे लागतात. हिंदीच्या पुस्तकातला 'ब्याज' मला येत होता, त्यावर मी पाच मार्कांचं गणितही सोडवलं होतं, पण परीक्षेचे शब्द परीक्षेपुरते.

"सगळ्यावर?" अप्पांनी विचारलं.

"सगळ्यावर. किती आहे?"

अप्पांनी आकडा सांगितला. साहेबानं डोळे मोठे केले. "एवढं व्याज? मग मुद्दल किती असेल!"

मुद्दल आम्हाला कळलं, कारण तमिळमध्येही मुदलच. अप्पांनी एकदा माझ्या पायाकडे पाहिलं आणि म्हणाले, "मुदल तर गेलं, साहेब."

"अरेरे," साहेब म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं. त्या वर्षी गावोगावच्या फायनान्स कंपन्या ठेवी गिळून बसल्या होत्या, आणि आम्हीही त्यातलेच असं त्यानं धरलं. "लोक व्याजाच्या मागं लागतात ना, त्यातून हे असं होतं. माणसानं एवढा लोभ करू नये, काका."

अप्पांचा चेहरा लाल झाला. मुलीचा पाय गेला म्हणून व्याज्य लावलं, आणि हा परका मुलगा त्याला लोभ म्हणतो! पण कचेरीत साहेबापुढे आवाज चढवायचा नाही हे तीस वर्षांचं वळण. त्यांनी फक्त विचारलं, किती जाईल. साहेबानं कागदावर आकडेमोड केली आणि सांगितलं, साधारण तिसरा हिस्सा. आम्ही ताक तसंच ठेवून उठलो.

बाहेर आल्यावर अप्पा म्हणाले, "आपला माणूस म्हणून आलो. तमिळ साहेब असता तर एवढं लागट बोलला नसता." त्याबाबतीत त्यांचं बरोबरच होतं, फक्त कारण वेगळं होतं.

कुंभकोणमला कळवणं भाग होतं. अप्पांनी खरं तेच कळवलं. तिसरा हिस्सा सरकारला जाणार म्हटल्यावर तिकडून दोन आठवडे काहीच नाही, आणि मग मुलाची आई देवदर्शनाला आली होती म्हणून वाटेत आमच्याकडे पाच मिनिटं टेकली. ती खुर्चीच्या कडेला बसली, खायला दिलेल्याला हात लावला नाही. म्हणाली, "आम्हाला मुलगी आवडलीच आहे. पण पैसे असे चाळणीतून गेलेले..." पुढचं वाक्य तिनं पुरं केलं नाही.

मी आत जाऊन उशीत तोंड खुपसून हसले. पण हसणं संपल्यावर हिशेबाची वही उघडली, आणि मग रडू यायला लागलं. तिसरा हिस्सा गेला तर बूथ बसत नव्हता. अनामत भरली तर यंत्र नाही, यंत्र घेतलं तर खोली नाही. नवरा गेल्याचं सुख होतं, पण बूथ गेला तर मला उरलेलं सगळं आयुष्य तिण्णैवर पाय लांब करून काढायचं होतं.

दोन महिने मी हे गिळून बसले. मग एका सोमवारी, अप्पा देवळात गेले असताना, रिक्षा केली आणि एकटीच कराच्या कचेरीत गेले. वाटेत ठरवलं होतं की आज इंग्रजीत भांडायचं. मराठीत मला भांडता येतं, पण आमच्या मराठीला तो साहेब हसतो, आणि हसणाऱ्याशी भांडण रंगत नाही.

साहेबानं मला ओळखलं, बसायला सांगितलं. मी उभीच राहिले आणि इंग्रजीत सुरू झाले. "माझा पाय बसखाली गेला. तीन वर्षं कोर्टात घालवून त्याचे पैसे मिळाले. त्यातला तिसरा हिस्सा तुम्ही घेणार. मला एवढंच सांगा, पायाचा कोणता तिसरा हिस्सा? गुडघ्यापासून वर की खाली?"

साहेबानं पेन खाली ठेवलं. "कोणी सांगितलं तुम्हाला की अपघाताच्या भरपाईवर कर आहे?"

"तुम्ही."

"मी?"

"तुम्ही. ताक पाजून सांगितलंत."

त्यानं फाईल मागवली. माझं पत्र निघालं. त्यानं ते माझ्यापुढे सरकवलं आणि बोट ठेवलं. "हे बघा, तुम्हीच लिहिलं आहे, व्याजाचे पैसे."

मी बघितलं. मी लिहिलं होतं 'व्याज्याचे'. त्यातल्या 'ज्या'वर लाल काट मारलेली होती आणि वर सुबक अक्षरात 'जा' लिहिलेला होता. हिंदीच्या चारही परीक्षा मी पहिल्या वर्गात पास झाले होते. त्या माणसानं माझं शुद्धलेखन दुरुस्त केलं होतं!

आता तो हिंदीतला ब्याज, पाच मार्कांच्या गणितासकट, माझ्या डोक्यात धाडकन उघडला. "हे चुकलेलं नाही," मी म्हणाले, आणि रागाच्या भरात परत मराठीवर आले. "व्याज्य. व्याज्य म्हंजे केस. कोर्टातली केस!"

"केसला व्याज्य म्हणतात?"

"मग काय म्हणतात?"

"आणि व्याजाला?"

"वट्टी!"

तो कपाळाला हात लावून बसला. "माझी आई मराठीची शिक्षिका आहे," तो हळूच म्हणाला, "सवय लागली आहे, काना-मात्रा सुधारायची." मग आम्ही दोघंही हसायला लागलो. दारातून शिपाई डोकावून गेला.

मग त्यानं मला नीट समजावलं. पायाबद्दल मिळालेली रक्कम ही भरपाई. जे गेलं ते भरून देण्याचा प्रयत्न, त्यात माणसानं मिळवलं असं काही नाही. म्हणून ते उत्पन्न नव्हे आणि त्यावर कर नाही, एक पैसाही नाही. ती उशिराबद्दलची लहान रक्कम मात्र खरोखरची वट्टी, म्हणजे त्याचं व्याज. ती उत्पन्नात धरायची, पण तीन वर्षांत वाटून, ज्या त्या वर्षाची ज्या त्या वर्षात. माझी दुसरी कमाई नव्हती, त्यामुळे ती मर्यादेच्या खालीच राहत होती, आणि भरायचं होतं शून्य. हे सगळं त्यानं कचेरीच्या कागदावर इंग्रजीत टाइप करून, सही-शिक्का मारून दिलं. वर म्हणाला, "मी स्वतः येऊन काकांची माफी मागतो. मी त्यांना लोभी म्हणालो."

"काही नको," मी म्हणाले. "मीच सांगते."

मी सांगणारच होते. रिक्षात मी ते पत्र सहा वेळा वाचलं. 'उत्पन्न नव्हे' ह्या शब्दांशी येऊन प्रत्येक वेळी थांबले. डॉक्टरांनी माझ्या पायाचे टक्के काढले होते, वकिलानं पावलांची किंमत काढली होती, मुलाच्या आईनं उरलेली मी मोजली होती. माझं काहीतरी गेलं आहे एवढं साधं वाक्य मला पहिल्यांदा कराच्या कचेरीनं लिहून दिलं होतं. मला फार बरं वाटत होतं.

घरी पोचले तर दाराच्या फटीत एक कार्ड. कुंभकोणमहून. 'आम्ही तै महिन्यापर्यंत थांबतो. करातून काही सुटत असल्यास ताबडतोब कळवावे.' तै म्हणजे आमच्याकडचा लग्नांचा महिना, आणि तो यायला चार आठवडे होते.

मी कार्ड परत फटीत ठेवलं, अप्पांना सापडेल असं. मग आत गेले. माझ्या डाव्या पायाला डॉक्टरांनी सव्वा इंच जाड तळाचा बूट करून दिला होता. त्याच्या आतली चामड्याची पट्टी निघायची. कचेरीचं पत्र चार घड्या करून तिच्याखाली सारलं आणि बूट घालून चुलीपाशी उभी राहिले. त्या दिवसापासून मी दर पावलाला सही-शिक्क्यावर पाय देत होते, आणि खरं सांगते, चालणं सुधारलं होतं.

अप्पांनी कार्ड वाचलं आणि खिशात ठेवलं. मग त्यांनी दुपारी बाहेर पडायला सुरुवात केली. जेवले की छत्री घेऊन निघायचे. "वाचनालयात जातो." पाच वाजता परत. आधी मला वाटलं, माझं तोंड बघायला नको म्हणून जातात. मग वाटलं, बरंच आहे, तेवढंच खोटं कमी बोलावं लागतं. ते समोर असले की बुटातलं पत्र मला खडा रुतल्यासारखं टोचायचं. लग्नाचं नाव त्यांनी काढलं नाही. मी मनातल्या मनात आठवडे मोजत होते. एक गेला, दुसरा गेला, तिसरा गेला.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी एका संध्याकाळी अप्पा आले, ओट्यावर बसले, आणि मी त्यांना पाणी द्यायला वाकले तर त्यांच्या कानाच्या पाळीत कोंडा. भुवयांवर कोंडा. वेष्टीचा, म्हणजे धोतराचा, काठ तुसानं पिवळा झालेला.

"वाचनालयात भात कांडतात काय?" मी विचारलं.

ते ओशाळले, पण क्षणभरच. "राइस मिलला जातो. त्यांच्या वह्या लिहायला माणूस होणा होता." होणा म्हणजे हवा.

"या वयात? या उन्हात? कशाला, अप्पा?"

"टॅक्साला तिसरा हिस्सा जाणार की नाही? तो भरून काढायला."

मिलचा मालक काय देणार होता! त्या हिशेबानं तिसरा हिस्सा भरून निघायला अप्पांना नव्वदी गाठावी लागली असती. माझा आधी रागच उसळला. "त्या कुंभकोणमवाल्यांच्या पोटात घालायला तुम्ही कोंडा खाताय?"

"त्यांचं काय आता. त्यांनी दुसरीकडे ठरवलं. काल मिलमध्येच कळलं."

"मग कोणासाठी?"

अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी फारच खुळ्यासारखं विचारलं आहे. "पाय कोणाचा गेला? टेलिफोनच्या कचेरीत जाऊन मी अनामत विचारून आलो. तिसरा हिस्सा कमी पडतो."

मी त्यांच्या शेजारी बसले. त्या तीन वर्षांत मी पायासाठी जेवढी रडले नव्हते तेवढी तिथं ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत रडले. लाज वाटत होती. तीन आठवडे तो म्हातारा माणूस माझ्यासाठी उन्हातून जात होता आणि मी उत्तर बुटात घालून घरभर फिरत होते. मी बूट काढला, पट्टी उचलली आणि चुरगळलेलं, घामानं ओलसर झालेलं पत्र त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी चष्मा लावला. दोन वेळा वाचलं. शिक्का उजेडात धरून बघितला. मी सगळं सांगून टाकलं, व्याज आणि व्याज्य, लाल काट, साहेबाची आई. ते एकदा हसले, पण लक्ष तिकडे नव्हतं. त्यांचं बोट पत्रावरच्या तारखेवर होतं.

त्या पैशांतून पुढं बूथ निघाला, पिवळ्या पाटीचा, बसस्टँडच्या समोरच. तो चालला, चांगला चालला. अप्पा तिथं गिऱ्हाइकांना पोच द्यायला बसायचे. पण त्या संध्याकाळी आमच्यापैकी कुणीच बूथाबद्दल बोलत नव्हतं.

"म्हणजे ते कार्ड आलं त्याच दिवशी हे तुझ्याकडे होतं," अप्पा म्हणाले.

"होय."

"बरं केलंस, दाखवलं नाहीस ते. दाखवलं असतंस तर मी त्याच तासाला त्यांना तार केली असती."

त्यांनी ते अगदी सरळ सांगितलं. कानातला कोंडा करंगळीनं काढत होते.

"केली असती तर केली असती," मी म्हणाले. "मी उभीच राहिले नसते त्या मांडवात."

"राहिली असतीस," अप्पा म्हणाले. "मी एकदा म्हटलं असतं, आणि तू राहिली असतीस. मला ठाऊक आहे. तुला सुद्धा."

भांडायला मी तोंड उघडलं. मग मिटलं. राहिले असते.